मदत हवी आहे : कंट्रोल गेल्यावर नुसत्या थ्रॉटलवर उडवायचं शिकवतात का?

नमस्कार मंडळी, सोलापूरहून लिहितोय. भाचीचं मोठ्या जेटचं टाइप रेटिंग (ठरावीक प्रकारचं विमान उडवण्याची परवानगी मिळवून देणारं प्रशिक्षण) लवकरच सुरू होतंय, आणि एका प्रश्नाने आम्हा दोघांना पछाडलंय.

१९८९ मध्ये युनायटेड एअरलाइन्सच्या डीसी-१० विमानाचं शेपटीतलं इंजिन फुटलं आणि तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा (द्रवाच्या दाबाने विमानाचे कंट्रोल हलवणाऱ्या) गेल्या. कॅप्टन हेन्स आणि प्रवासी म्हणून बसलेले प्रशिक्षक डेनी फिच यांनी उरलेल्या दोन इंजिनांची ताकद कमी-जास्त करत विमान अमेरिकेतल्या सू सिटीला आणलं. २९६ पैकी १८४ जण वाचले. १९८५ च्या जपानी विमान दुर्घटनेनंतर (तिथेही हायड्रॉलिक गेलं होतं) फिच यांनी सिम्युलेटरवर हाच सराव केला होता! २००३ मध्ये बगदादला तर असंच हायड्रॉलिक गेलेलं एअरबस ए३०० विमान सुखरूप उतरलं.

अवघड भाग असा : नाक खाली जाऊन वेग वाढतो, तेव्हा थ्रॉटल (इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारा दांडा) मागे घ्यावासा वाटतो, पण द्यायचा असतो पुढे. नाक वर आलं की उलट. हे नुसतं वाचून हातात बसणार नाही, असं मला ठाम वाटतं.

आपल्याकडे टाइप रेटिंगमध्ये हे करून घेतात का? की प्रशिक्षकाला विनंती करून सिम्युलेटरवर जादा वेळ मागावा लागतो? एअरबस किंवा बोइंगवर प्रशिक्षण घेतलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा.