इफ्फीने गोव्यातच राहावे, की पुन्हा शहरोशहरी फिरावे?

लष्करचा प्रेक्षक (मूळ मांडणी):

दिवाळी उरकली की इफ्फीसाठी, म्हणजे भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवासाठी, आमच्या ग्वाल्हेरच्या लष्कर, मुरार, दौलतगंज या भागांतल्या काही मराठी घरांत गोवा एक्सप्रेसच्या आरक्षणाची बोलणी सुरू होतात. संध्याकाळी गाडीत बसायचे, दोन रात्री गाडीतच काढायच्या आणि तिसऱ्या दिवशी पहाटे मडगावला उतरून पणजी गाठायची, हा आमचा ठरलेला क्रम आहे. तेथे जे पाहायला मिळते त्याबद्दल मला अतोनात आदर आहे. तरीही हा महोत्सव केंद्र सरकारचा, म्हणजे साऱ्या देशाचा असताना २००४ पासून तो एकाच शहरात का भरावा, हा प्रश्न मला सोडत नाही.

१९५२ साली पहिला महोत्सव मुंबईत झाला आणि तेथून तो मद्रास, दिल्ली व कलकत्ता येथे नेण्यात आला. पुढे दिल्लीत स्पर्धेसह महोत्सव आणि मधल्या वर्षी दुसऱ्या एखाद्या शहरात स्पर्धेविना ‘फिल्मोत्सव’ अशी पद्धत पडली. १९८६ साली तो हैदराबादला होता, १९८८ साली त्रिवेंद्रमला. ज्यांना दोन रात्रींचा प्रवास, आठ दिवसांची रजा आणि पणजीतल्या ऐन हंगामातल्या खोलीचे भाडे परवडत नाही, त्यांच्या दारी जगातला चांगला चित्रपट जाण्याची ती एक वाट होती आणि ती आपण बंद केली. एकाआड एक वर्षी महोत्सव गोव्याबाहेर यावा, आणि समुद्र नसलेल्या शहरांचाही त्यात विचार व्हावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

मुरारचा रहिवासी:

आपली तळमळ पोहोचली. निष्कर्ष मात्र मला मुळीच मान्य नाही. महोत्सव म्हणजे चित्रपटांची यादी नव्हे, ती एका जागी वर्षानुवर्षे मुरलेली व्यवस्था असते. पणजीत मांडवीच्या काठाने चालत गेले की जुन्या वैद्यकीय महाविद्यालयाची इमारत, माकिनेज पॅलेस, त्याच आवारात २००४ च्या महोत्सवासाठी उभारलेले मल्टिप्लेक्स आणि पुढे चार्ल्स कोरिया यांनी घडवलेली कला अकादमी, हे सारे पायी फिरण्याच्या टापूत आहे. हे अंतर किती महत्त्वाचे असते ते तेथे गेलेल्यालाच कळते. एक खेळ सुटतो, दुसऱ्याला वीस मिनिटे असतात, वेळापत्रकाच्या पुस्तिकेत पेन्सिलने खुणा केलेल्या असतात, आणि रांगेत शेजारी उभे असलेले, कुडाळहून आलेले एक निवृत्त शिक्षक आपणहोऊन सांगतात, “तो पोलिश चित्रपट सोडू नका, मी सकाळीच पाहिला.” ही ओळख दरवर्षी त्याच जागी भेटल्याने होते.

दुसरे असे की, २००७ पासून महोत्सवाला जोडून फिल्म बाजार भरतो. तेथे नवा दिग्दर्शक पटकथा घेऊन येतो आणि त्याला परदेशी सहनिर्माता भेटू शकतो. हा बाजार दरवर्षी गाव बदलू लागला, तर बाहेरचे लोक येणेच सोडतील. व्हेनिसचा महोत्सव १९३२ साली लीडो बेटावर सुरू झाला व आजही तेथेच भरतो, आणि कानचा १९४६ पासून कानमध्येच भरतो. त्या शहरांची नावे आज महोत्सवांची नावे झाली आहेत, आणि पणजीला तेथवर पोहोचायला अजून अवधी लागेल.

दौलतगंजची वाचक:

दोघांच्याही बोलण्यात एक गोष्ट राहून गेली. पूर्वी परदेशी चित्रपटाचे रिळांचे पत्र्याचे डबे यायचे. उपशीर्षकांची बहुधा एकच प्रत असायची, आणि ती पणजीत असताना ग्वाल्हेरला असणे शक्यच नव्हते. आता चित्रपट हार्ड डिस्कवर येतो आणि तो उघडणारी सांकेतिक किल्ली ठरावीक यंत्रापुरती, ठरावीक तासांपुरतीच चालते. त्यामुळे एकच चित्रपट एकाच दिवशी दोन गावांत दाखवण्यात तांत्रिक अडचण उरलेली नाही.

अडचण आहे ती परवानगीची. चित्रपटाचे हक्क ज्याच्याकडे असतात तो बहुधा मोजक्याच खेळांना संमती देतो आणि पुष्कळदा प्रत्येक खेळाचे शुल्क घेतो. शिवाय महोत्सवातील परदेशी चित्रपटांना सेन्सॉर प्रमाणपत्राची सूट मिळते ती त्या महोत्सवापुरती, नोंदणी केलेल्या प्रेक्षकांसाठी. दुसऱ्या गावी खेळ लावायचा तर ही सूटही नव्याने मागावी लागेल. म्हणून महोत्सव हलवावा की नाही यापेक्षा, करार करतानाच आणखी दोन-तीन गावांची संमती मागता येईल की नाही, याचा विचार मला अधिक उपयोगाचा वाटतो.

मुरारचा रहिवासी:

ताई, आपण मांडलेला तपशील मोलाचा आहे. पण यातले बरेच राज्याला करता येण्यासारखे आहे. केरळने १९९६ पासून स्वतःचा आंतरराष्ट्रीय महोत्सव चालवला आणि आपला प्रेक्षक घडवला. मध्य प्रदेशाने केंद्राकडे हात पसरण्याऐवजी तसे करावे.

लष्करचा प्रेक्षक:

केरळचेच उदाहरण पुढे नेतो. २०२१ साली, साथीच्या काळात गर्दी विभागण्यासाठी, तोच महोत्सव त्रिवेंद्रम, कोची, तलश्शेरी आणि पालक्काड अशा चार ठिकाणी झाला. यातले पालक्काड समुद्रापासून आत आहे. कारण साथीचे असेल, पण एक महोत्सव चार गावांत नेता येतो हे त्यातून दिसले.

आणि इतक्या दूर तरी कशाला जायचे? आपल्या तानसेन समारोहाची मुख्य सभा हजिऱ्याला, तानसेनांच्या समाधीपाशी होते. ती तेथून हलवावी असे कोणी म्हणणार नाही, मीही नाही. पण त्याच समारोहाची एक सभा तानसेनांच्या जन्मगावी, बेहटला होते. तेथे मी ग्रामस्थांना शेजारी बसून ध्रुपद ऐकताना पाहिले आहे. हजिऱ्याचा मान त्याने तसूभरही कमी झालेला नाही.

ताईंचे वाचून मी माझी मागणी बदलतो. महोत्सव गोव्यातच राहो, मात्र त्याची एक ‘बेहटची सभा’ असावी. सुरुवात इंडियन पॅनोरमापासून, म्हणजे महोत्सवातल्या निवडक भारतीय चित्रपटांच्या विभागापासून करावी. १९७८ पासून चाललेल्या या विभागात एरवी कथाचित्रपट पंचवीसच्या आसपास असतात आणि ते भारतीय असल्याने परवानगीचा प्रश्न पुष्कळ सोपा आहे. सुवर्ण मयूर हे महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिक मिळवणाऱ्या चित्रपटाची संमती तेवढी वेगळी मागावी.

मुरारचा रहिवासी:

बेहटची सभा मला मान्य आहे. संपूर्ण महोत्सव हलवण्यास माझा विरोध होता आणि तो कायम आहे. एक शंका उरते. तानसेन समारोहाला प्रवेशमूल्य नाही आणि तेथे मांडव घातला की भागते. इथे चांगला पडदा व ध्वनी असलेले चित्रपटगृह सलग चार दिवस लागेल, तेही शुक्रवारी नवा हिंदी चित्रपट लागलेला असताना. त्या चार दिवसांचे भाडे केंद्राने द्यायचे की राज्याने, याचे उत्तर लष्करकरांनी आधी द्यावे.