मदत हवी आहे: खेळातून मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेला भेट

आमच्या मुलुंडच्या सोसायटीतली आठवी-नववीची दहा-बारा मुलं आणि आम्ही तीन पालक. वस्तीतल्या मुलांसाठी खेळातून काम करणाऱ्या संस्थेचा सराव बघायचा आहे, त्यांची हरकत नसेल तर एकत्र खेळायचंही आहे. १९९९ पासूनची मॅजिक बस आणि कफ परेडच्या आंबेडकर नगरातून सुरू झालेली ऑस्कर फाउंडेशन, ही दोन नावं डोळ्यांसमोर आहेत. ऑस्करचा ‘शाळा नाही तर फुटबॉल नाही’ हा नियम आमच्या पोरांना फार भिडला.

आधी दुसऱ्या एका संस्थेला मेल केला होता, तिथे फक्त कंपन्यांचे गट घेतात असं कळलं. ओळखीतून एका कोचशी बोललो, पण परवानगी त्यांच्या हातात नाही.

आम्हाला रविवार सकाळच जमते, लोकलने येऊ. केक-खाऊ वाटप, बॅनर, फोटो यातलं काहीही करायचं नाही. ती मुलं सरावाला आलेली असतात, पाहुण्यांसाठी त्यांचा खेळ थांबू नये. बॉल किंवा स्टड (फुटबॉलचे बूट) द्यायला आवडतील, पण मापं आणि गरज संस्थेनेच सांगावी.

कोणी शाळकरी मुलांना घेऊन अशी भेट दिली आहे का? अठराच्या आतल्या मुलांचा गट चालतो का, पालकांची संमतीपत्रं, ओळखपत्रं लागतात का, आणि नेमकं कोणत्या विभागाशी बोलायचं?