ट्रॅक्टरच्या केबिनचा हीटर गरम हवा देत नाही, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आम्ही मोहोळ तालुक्यातले. गेल्या वर्षी केबिनचा ट्रॅक्टर जुना घेतला, सध्या कारखान्याला ऊस वाहतो. रात्रीची खेप वडील करतात, त्यांना दमा आहे. परवा पहाटे नंबर लागेपर्यंत ते चार तास वजनकाट्याच्या रांगेत गारठून बसले होते. त्याहून मोठी काळजी काचेची. आतून वाफ धरते, फडक्यानं पुसलं तरी दोन मिनिटांत पुन्हा धुरकट. मागं भरलेल्या दोन ट्रॉल्या, पुढं अंधारात बैलगाड्या.

ब्लोअर जोरात चालतो. ट्रॅक्टर पळताना हवा कोमट येते, उभा केला की गार. टेंपरेचरचा काटा बरोबर मध्यावर असतो. केबिनकडं जाणाऱ्या दोन पाइपांपैकी एकाला हात लावला तर चटका बसतो, दुसरा जेमतेम कोमट. आधीच्या मालकानं रेडिएटरमध्ये बोअरचंच पाणी घातलं होतं, आता ते तांबूस दिसतंय. मिस्त्री म्हणतो थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) काढून टाका. मला पटत नाही. काय करावं?

प्रतिसाद :
दादा, थर्मोस्टॅटला हात लावू नका. तो काढला तर थंडीत इंजिनच नीट तापणार नाही, मग हीटरला ऊब कुठनं मिळणार? काटा मध्यावर येतोय म्हणजे तो ठीक आहे. हीटर म्हणजे केबिनमधला छोटा रेडिएटर, इंजिनचं गरम पाणी त्यातून फिरतं. तुमच्याकडं पाणी आत जातंय पण फिरत नाही. एकतर हवा अडकलीय, नाहीतर बोअरच्या क्षारानं नळ्या चोंदल्यात. आधी हवा काढा. इंजिन पूर्ण गार असताना ट्रॅक्टरचं तोंड चढावर करा, हीटरचा नॉब फुल गरमवर ठेवा, रेडिएटरचं झाकण उघडून मग इंजिन चालू करा आणि बुडबुडे थांबेपर्यंत पाणी भरत राहा. तापलेल्या इंजिनचं झाकण कधीच उघडू नका, वाफेनं तोंड भाजतं. एवढ्यानं भागलं नाही तर इंजिन गार करून दोन्ही पाइप सोडवा आणि उलट्या बाजूनं नळाचं पाणी सोडा. वॉशिंगचा पंप लावू नका, कोअर, म्हणजे हीटरचा तो छोटा रेडिएटर, फुटेल. शेवटी जुनं पाणी सगळं काढून निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर. काचेची वाफ जायला हीटरबरोबर एसीही लावा, तो हवेतली ओल ओढतो.

धागाकर्ता :
दादा, लई उपकार झाले. काल बांधाच्या चढावर लावून हवा काढली, थोडाच फरक पडला. मग पाइप सोडवून उलटं पाणी सोडलं, तर विटकरी गाळ आणि नखाएवढ्या पांढऱ्या कपच्या बादलीभर पाण्यात उतरल्या. कूलंट भरलं. आता उभ्या ट्रॅक्टरलाही हवा गरम येते, काच स्वच्छ राहते. फक्त जुना पाइप क्लिपपाशी चिरलाय, थेंब थेंब गळतोय. गावात साधा रबरी पाण्याचा पाइप मिळतो, तो चालेल का, की सोलापूरला जाऊन हीटर होजच आणावा? रात्री खेप आहे, तोवर कळवलं तर बरं होईल.