लहान मुलांची ॲलर्जी टेस्ट: टोचून करावी की रक्तातून?

मुलुंडची_आई:
लेक चार वर्षांची. पावसाळा लागला की शिंका, रात्रभर खोकला. अंड्याचं ऑम्लेट खाल्लं की गांधी उठतात. डॉक्टर म्हणतात गुरुवारी स्किन प्रिक टेस्ट करू. शेजारणीने घरी लॅबवाला बोलावून एकाच रक्तात शंभरेक पदार्थांचं पॅनेल करून घेतलं. मलाही तेच बरं वाटतंय. एवढ्याशा पोरीला कशाला टोचत बसायचं?

गिरगावकर:
अहो, ते इंजेक्शन नव्हे. हातावर पेनाने खुणा करतात, प्रत्येकीवर एक थेंब आणि त्यातून नुसता ओरखडा. एक थेंब हिस्टामिनचा (ॲलर्जीत अंगात सुटणारं रसायन), तो फुगायलाच हवा. एक सलाईनचा, तो फुगता कामा नये. 15-20 मिनिटांनी पट्टीने मोजायचं. सलाईनपेक्षा निदान 3 मिमी मोठी गांध आली तर पॉझिटिव्ह. आमचा नातू तेवढा वेळ मोबाइलवर कार्टून बघत होता. शिरेतून रक्त काढताना मात्र त्याला दोघांनी धरलं होतं.

दादर_टीटी:
काका, कातडी धड असेल त्यांचं ठीक. माझ्या भाचीला अंगभर एक्झिमा, थेंब ठेवणार कुठे? शिवाय सेटिरिझिनसारखी ॲलर्जी दाबणारी औषधं साधारण आठवडाभर आधी बंद ठेवावी लागतात. जुलैत मुंबईत ठेवून दाखवा! स्पेसिफिक आयजीईच्या, म्हणजे एकेका पदार्थाविरुद्धची ॲलर्जीची प्रतिपिंडं मोजणाऱ्या, रक्ततपासणीला ती कटकट नाही.

मुलुंडची_आई:
म्हणजे पॅनेलच ना?

दादर_टीटी:
नाही हो ताई, गल्लत करू नका! डॉक्टरांना ज्या तीन-चार गोष्टींचा संशय, तेवढ्यांचीच आयजीई करायची. त्या भल्याथोरल्या पॅनेलांत बऱ्याचदा आयजीजी नावाची वेगळीच प्रतिपिंडं मोजतात. आपण जे खातो त्याचं आयजीजी रक्तात सापडणारच. युरोपातल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने अन्नाच्या ॲलर्जीसाठी ही तपासणी करू नका, असं 2008 सालीच सांगितलंय.

बोरिवली_वेस्ट:
पुस्तकी ज्ञान राहू द्या. आम्ही पॅनेल बघून दूध बंद केलं, पोराचं पोट सुधारलं. अनुभव खोटा का?

गिरगावकर:
अनुभव खरा, पण ते लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, न पचणंही असू शकतं. ती ॲलर्जीच नव्हे. आणि दादरकर, तुमची आयजीईही काही ब्रह्मवाक्य नाही. आकडा 0.35 या लॅबच्या नेहमीच्या मर्यादेवर गेला म्हणून पोराला ॲलर्जी आहेच असं ठरत नाही. प्रिकचंही तेच. खाल्ल्यावर काय होतं ते आधी. ताई, लेक केक खाते का?

मुलुंडची_आई:
मावा केक आवडीने खाते. काही होत नाही.

गिरगावकर:
मग हे डॉक्टरांना आधी सांगा. भट्टीत भाजलेलं अंडं चालतं आणि ऑम्लेट बाधतं, अशी पुष्कळ मुलं असतात. खात्री करायची तर फूड चॅलेंज: हॉस्पिटलात, ॲड्रेनलिन (जोराच्या रिॲक्शनवरचं तातडीचं इंजेक्शन) हाताशी ठेवून, थोडंथोडं खायला घालून. घरी प्रयोग नको. शिंकांसाठी धुळीतले माइट (डोळ्यांना न दिसणारे किडे), झुरळ आणि बुरशी तपासायला सांगा. ओल आलेल्या भिंतीजवळ झोपत असेल तर पहिली शंका तीच.

मुलुंडची_आई:
सेटिरिझिन कालच दिलंय. गुरुवारची वेळ बदलून घेते.

बोरिवली_वेस्ट:
आम्ही दूध परत सुरू करणार नाही, सांगून ठेवतो.

दादर_टीटी:
निदान बालरोगतज्ज्ञांना विचारून कॅल्शियमचं तरी बघा.