ताईचं रेशन कार्ड सासरच्यांपासून वेगळं करायचंय, सुरुवात कुठून करू?

धाकटा भाऊ: माझे दाजी मागच्या दिवाळीच्या आधी वारले. ताई ३४ वर्षांची, दोन लेकरं, सासरीच वाड्यातल्या मागच्या खोलीत वेगळी चूल मांडून राहते आणि दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते. कार्ड मात्र अजून सासऱ्यांच्या नावावर एकत्र आहे, धान्य पुढच्या घरात येतं आणि तिला मागावं लागतं, दर महिन्याला मागायला तिला लाज वाटते म्हणून ती गहू विकत आणते. सेतूवर गेलो तर म्हणाले आधी हे आणा मग ते आणा, डोकं चालत नाहीये. निराधारचे पैसे पण मिळतात म्हणे, खरं का?

सेतूत काम करतो: आधी उत्पन्नाचा दाखला काढा, सगळं त्याच्यावर अडतं. संजय गांधी निराधारला विधवा बाईला महिना १५०० मिळतात पण वर्षाचं उत्पन्न २१ हजाराच्या आत लागतं नाहीतर दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव. दाजींचा मृत्यू दाखला, आधार, बँक पासबुक, १५ वर्षं महाराष्ट्रात राहिल्याचा पुरावा, अर्ज तहसीलला. कार्डाचं म्हणाल तर जुन्या कार्डातून तिघांची नावं कमी करून तसा दाखला घ्यायचा आणि त्यावर विभक्त कार्डाचा अर्ज. एक लक्षात ठेवा, नवीन कार्ड हातात आलं म्हणजे धान्य चालू झालं असं नसतं. गावात प्राधान्यला, म्हणजे स्वस्त धान्य मिळणाऱ्या कुटुंबांच्या यादीला, वर्षाला ४४ हजार उत्पन्नाची मर्यादा आहे आणि वर तालुक्याचा इष्टांक, म्हणजे ठरवून दिलेला लाभार्थ्यांचा कोटा, शिल्लक असावा लागतो, म्हणून प्राधान्यमध्ये घ्या असा अर्ज सोबतच द्या. आणि कुठलाही कागद दिला की पोच घ्या, शिक्का आणि तारीख बघून.

आईची लेक: दादा, अंत्योदयसाठी पण लेखी मागा, ते अगदी गरीब कुटुंबांचं कार्ड असतं. विधवा बाई कुटुंबप्रमुख आणि कमाईचा भरवसा नाही, असं कुटुंब त्यात बसतं, कार्डामागे ३५ किलो मिळतं. प्राधान्यमध्ये माणशी ५ किलो म्हणजे तिघांचं १५ किलोच होतं. आणि केवायसी, म्हणजे दुकानात आधारवरून ओळख पटवणं, विसरू नका. माझ्या आईचा अंगठा कापूस वेचून वेचून पार झिजलाय, दुकानात मशीनवर चार वेळा लावला, पदराने पुसून लावला, तरी येईना, मागे रांग उभी आणि आई खाली मान घालून. दुकानदाराने डोळे स्कॅन करून बघितलं तेव्हा झालं. म्हणून अंगठा आला नाही तर परत फिरू नका, डोळ्यांचं विचारा.

धाकटा भाऊ: खूप आभार दोघांचे. ताईला लाडकी बहीण चालू आहे, निराधार घेतलं तर दोन्ही मिळतील का?

सेतूत काम करतो: नाही, दुसऱ्या योजनेतून १५०० किंवा जास्त मिळत असतील तर लाडकी बहीण बसत नाही. घरातला कमावता माणूस ५९ वर्षांच्या आत गेला आणि कुटुंब दारिद्र्यरेषेखालचं असेल तर राष्ट्रीय कुटुंब लाभचे एकदाच २० हजार असतात, ते तहसीलला आवर्जून विचारा आणि वेळ घालवू नका.

धाकटा भाऊ: सोमवारी जातो रजा टाकून. आत्ता ताईला फोन केला तर कळलं की धाकट्या पोरीचं नाव कार्डात कधी टाकलंच नव्हतं, चार वर्षांची झाली ती.

आईची लेक: मग तिचा जन्मदाखला आणि आधार सोबत न्या, विभक्त कार्डाच्या अर्जातच तिचं नाव घाला, नाहीतर परत वेगळी फेरी पडेल.