वॉशर-ड्रायर कुठला घ्यावा आणि कुठून?

प्रेषक: ईस्ट विंडसरहून
सोमवार, रात्री

मंडळी, नमस्कार.

गेल्या महिन्यात आम्ही अपार्टमेंट सोडून इथे न्यू जर्सीतच ईस्ट विंडसरला टाऊनहाऊसमध्ये राहायला आलो. घर 1987 चं आहे. आधीच्या मालकांनी वॉशर-ड्रायर तसेच ठेवून दिलेत पण वॉशर खालून गळायला लागलाय आणि स्पिनला आला की इतका धडधडतो की खाली दिवाणखान्यातला दिवा हलतो, कपडेही ओलेगच्च बाहेर येतात. ड्रायर चालतो, पण टॉवेल वाळायला दोन-दोन वेळा लावावा लागतो, म्हणून नवरा म्हणतो दोन्ही एकदमच बदलू, जोडी घेतली की डिस्काउंटही मिळतं.

लाँड्री वरच्या मजल्यावर, बेडरूमच्या बाहेर कपाटासारख्या कोनाड्यात आहे, शेजारी-शेजारी दोन मशीन्स जेमतेम बसतात. घरात अडीच वर्षांची मुलगी, म्हणजे रोज धुणं. ऑक्टोबरात साताऱ्याहून आई येतेय सहा महिन्यांसाठी, तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, तिला वाकायला नको आणि तिला एकटीला लावता येईल असं मशीन हवं. आठवडाभर रिव्ह्यू वाचतेय, एकच मशीन एकाला पाच तारे आणि दुसऱ्याला एक. तुम्ही लोकांनी इथे वर्षानुवर्षं वापरलेलं काय आहे ते सांगा ना, आणि घेतलंत कुठून तेही.

---

प्रेषक: एडिसनहून
मंगळवार, सकाळी

माझी मुलगी साधारण तुझ्याच वयाची आहे म्हणून एकेरीत लिहितोय, राग नसावा.

नवीन काही बघायच्या आधी ड्रायर भिंतीपासून पुढे ओढ आणि मागचा पाइप बघ. ड्रायर गरम होतोय पण कपडे वाळत नाहीत, असं असेल तर बहुतेक वेळा ड्रायर बिघडलेला नसतो, त्याची हवा कोंडलेली असते. दमट हवा बाहेर जाणारा तो चार इंची पाइप वर्षानुवर्षं कोणी साफ करत नाही आणि आत कपड्यांची पिंज साठत जाते. नवीन ड्रायर आणून त्याच तुंबलेल्या पाइपला जोडलास तर तोही दोन-दोन सायकल घेणार आणि वर त्याचा थर्मल फ्यूज, म्हणजे फार तापलं की ड्रायर बंद पाडणारा फ्यूज, उडणार. मागे पांढऱ्या प्लास्टिकचा किंवा चांदीच्या कागदासारखा सुरकुत्यांचा पाइप असेल तर तो त्याच दिवशी काढून टाक, तिथे पत्र्याचा कडक पाइपच हवा. लांबीही मोज. साधारण नियम जास्तीत जास्त 35 फुटांचा आहे आणि प्रत्येक काटकोनी वळणाला त्यातले पाच फूट वजा होतात, तुमची लाँड्री घराच्या मध्यावर असेल तर हे पटकन संपतं. मग ड्रायर चालू करून बाहेर भिंतीवरची झडप उघडते का बघ. उघडत नसेल तर उत्तर मिळालंच.

हे मी एवढं लांबण लावून का लिहितोय, तर या देशात ड्रायरमुळे वर्षाला सुमारे 2,900 घरांना आगी लागतात असं सरकारी अग्निशमन खात्याची आकडेवारी सांगते आणि त्यात सगळ्यात मोठं कारण साफसफाई न करणं हेच आहे. तुमची लाँड्री बेडरूमच्या दाराशी आहे आणि घरात लहान मूल आहे. पैसे खर्च करायचे तर पहिले इथे करा. बाहेरची भिंत टाऊनहाऊसच्या असोसिएशनच्या ताब्यात असते कधीकधी, त्यांना आधी विचारून घे.

आणखी एक, वॉशर नीट पिळत नसेल तर कपडे ओले बाहेर येतात आणि त्याचा भार ड्रायरवर पडतो. म्हणजे तुझा ड्रायर कदाचित दोन्हीकडून मार खातोय.

आता वॉशर. आमचं पहिलं मशीन 17 वर्षं चाललं, दुसरं सहा. दुसऱ्यात काचेचं पॅनल, गाणी वाजवणारं बटण, फोनवर निरोप, सगळं होतं. बिघडलं काय तर कंट्रोल बोर्ड, म्हणजे मशीन चालवणारा इलेक्ट्रॉनिक भाग, आणि तो बोर्डच कुठे मिळेना, दोन महिने वाट बघून चांगला धडधाकट ड्रम आणि मोटर असलेलं मशीन फेकून द्यावं लागलं. मला ते अजून लागतं मनाला. तेव्हापासून मी एकच करतो, मशीन घ्यायच्या आधी आपल्या भागातल्या रिपेअरवाल्याला फोन करतो आणि विचारतो की बाबा तू कुठली मशीन्स दुरुस्त करतोस आणि कुठल्यांना हात लावत नाहीस. दोघा-तिघांना विचारलं की चित्र स्वच्छ होतं. रिव्ह्यू लिहिणारा बहुतेक पहिल्या महिन्यात लिहितो, रिपेअरवाला सातव्या वर्षीचं मशीन उघडून बघत असतो.

तुझ्यासाठी मी साधं टॉप लोड सांगेन, वरून कपडे घालायचं, मधे दांडा असलेलं, गोल फिरवायच्या बटणांचं. स्पीड क्वीन बघ. विस्कॉन्सिनमध्ये रिपन गावी त्यांचा कारखाना आहे, लाँड्रोमॅटमध्ये नाण्यांवर चालणारी मशीन्स तेच बनवतात. टीसी फाइव्ह म्हणून मॉडेल आहे, त्याला पार्ट आणि मजुरी धरून पाच वर्षांची वॉरंटी असते, बाकीचे बहुतेक एका वर्षावर भागवतात. कमतरताही सांगतो. हजार डॉलरच्या वर जातं, टब लहान आहे, 3.2 क्युबिक फूट, मोठी रजई मावत नाही, आणि पाणी जास्त घेतं. तेवढं बजेट नसेल तर व्हर्लपूल, मेटॅग किंवा अमाना, तिन्ही एकाच घरातले, 2006 मध्ये व्हर्लपूलनेच मेटॅग विकत घेतली. त्यातलं सगळ्यात साधं मॉडेल घे. पार्ट कुठेही मिळतात.

---

प्रेषक: वेस्ट विंडसरहून
मंगळवार, दुपारी

एडिसनच्या काकांचं पाइपबद्दलचं अक्षर न् अक्षर खरं आहे, पण सगळ्यांनी दांड्याचंच मशीन घ्यावं हे मला पटत नाही. आमच्याकडे नऊ वर्षं एलजीचं फ्रंट लोड, म्हणजे पुढून दार असलेलं, आहे, बेसमेंटमध्ये, आणि मी ते मनापासून आवडीने वापरते. दांड्याच्या मशीनमध्ये माझ्या दोन सुती साड्या पिळून पिळून फाटल्या, पदर दांड्याला गुंडाळला जातो. फ्रंट लोडमध्ये कपडे वरून खाली पडून धुतले जातात, शिवाय स्पिन मिनिटाला बाराशे फेऱ्यांच्या पुढे असतो म्हणून निम्मे वाळलेलेच बाहेर येतात आणि ड्रायर कमी चालतो. पाण्याचं म्हणाल तर एनर्जी स्टारवाली, म्हणजे वीज-पाणी कमी घेण्याचा सरकारी शिक्का असलेली, मशीन्स एका धुण्याला साधारण 14 गॅलन घेतात, साधी 20 च्या आसपास. आईने दिलेली गोधडी मी घरी धुऊ शकते ती याच्यामुळेच.

पण त्याचं करावं लागतं बरं का. धुणं झालं की दार उघडं ठेवायचं, तुमच्याकडे लहान मूल आहे तर त्यावर लक्ष हवं, मूल आत शिरू शकतं. दाराच्या रबरात पाणी राहतं ते फडक्याने टिपायचं, नाहीतर काळी बुरशी धरते आणि कपड्यांना कुबट वास येतो. खाली पुढच्या बाजूला छोटं झाकण असतं, त्यातली जाळी दोन-तीन महिन्यांनी काढून धुवायची. मला तिथे नाणी, केसातल्या पिना आणि एकदा तर माझ्या नथीचा मोती सापडलाय, जो मी वर्षभर शोधत होते! आणि साबण. आपल्याला फेस दिसल्याशिवाय कपडे धुतले असं वाटतच नाही, पण या मशीन्सना एचई लिहिलेला, कमी फेसाचा साबण दोन टेबलस्पून म्हणजे खूप झाला. जास्त घातला तर तो कपड्यात आणि ड्रममध्ये बसून राहतो आणि वासाचं मूळ तेच असतं.

दहा वर्षांची वॉरंटी असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं ना, ती मोटरच्या पार्टची असते, माणूस येऊन बसवून देणार त्याची मजुरी त्यात नसते. नीट वाचून घ्या.

तुमचं मात्र वरच्या मजल्यावर, लाकडी जमीन, आणि आईंचा गुडघा. इतक्या वेगात फिरणारं मशीन लाकडी जमिनीवर जाणवतं, आमच्या जावेकडे वर आहे तर सगळं घर थरथरतं. म्हणून तुमच्या बाबतीत मी काकांच्या बाजूने. साड्या जाळीच्या पिशवीत घालून लावा, म्हणजे गुंतत नाहीत.

आणि हळदीचे डाग पडलेला कपडा ड्रायरमध्ये अजिबात टाकू नका, गरमीने डाग पक्का होतो. साबण लागल्यावर डाग लाल होतो त्याला घाबरायचं नाही, हळद अशीच वागते, ओला कपडा उन्हात टाका, दोन-तीन उन्हं मिळाली की जातो.

---

प्रेषक: हिल्सबरोहून
मंगळवार, रात्री

कुठून घ्यायचं त्याबद्दल थोडं, कारण गेल्या वर्षी मी दोनदा हे केलंय, एकदा स्वतःसाठी आणि एकदा भावासाठी.

कॉस्टकोत घेतलं तर डिलिव्हरी, साधं इन्स्टॉलेशन आणि जुनं मशीन नेणं किमतीतच येतं आणि वॉरंटी दोन वर्षांची होते, पसंत नसेल तर 90 दिवसांत परत करता येतं. मॉडेल्स मोजकी असतात एवढंच. होम डेपो आणि लोज या दोन्ही दुकानांची किंमत मेमोरियल डे, चार जुलै, लेबर डे आणि ब्लॅक फ्रायडेला उतरते, लेबर डे आता आलाच आहे. स्पीड क्वीन मात्र यांच्याकडे मिळणार नाही, ते स्वतंत्र डीलरकडेच, आणि मला विचाराल तर छोटा डीलर ज्याचा स्वतःचा रिपेअर करणारा माणूस आहे त्याला पन्नास-शंभर जास्त द्यायला हरकत नाही, कारण तीन वर्षांनी फोन केल्यावर तोच माणूस उचलतो. डेलावेअरला सेल्स टॅक्स नाही म्हणून तिकडून घ्यावं असं कोणीतरी सुचवेल, पण माल न्यू जर्सीत घरी डिलिव्हर झाला तर 6.625 टक्के लागतातच.

इलेक्ट्रिक ड्रायर घ्यायची वेळ आली तर कॉर्ड बॉक्समध्ये येत नाही, वेगळी घ्यावी लागते. तुमचं घर 1987 चं म्हणजे भिंतीत तीन पिनांचं सॉकेट असणार, चार पिनांचं नव्वदच्या दशकात सक्तीचं झालं. भावाच्या वेळी मला हे माहीत नव्हतं, एका मोठ्या दुकानाची माणसं ड्रायर घेऊन आली, पिना जुळत नाहीत म्हणाली आणि ड्रायर हॉलमध्ये सोडून गेली, पुढची तारीख नऊ दिवसांनी. आधी सॉकेटचा फोटो काढून दुकानात दाखवा. जिन्याचं वळण आणि दारं पण मोजा, मशीन 27 इंच रुंद असतं आणि मागे पाइपला पाच-सहा इंच लागतात.

जुनं कोणाकडून घेणार असाल तर मॉडेल नंबर टाकून रिकॉल तपासाच, म्हणजे दोष निघाला म्हणून कंपनीने ते मॉडेल परत मागवलंय का ते. 2016 मध्ये सॅमसंगची 28 लाख टॉप लोड मशीन्स रिकॉल झाली होती, स्पिनमध्ये वरचा भाग सुटण्याचा धोका होता. त्यातली दुरुस्त न केलेली अजूनही कोणाच्या तरी गॅरेजमध्ये असू शकतात.

---

प्रेषक: ईस्ट विंडसरहून
रविवार, संध्याकाळी

काका, काल ड्रायर ओढला. मागे चांदीच्या कागदाचाच पाइप होता, मधे चेपलेला, आणि आतून इतकी पिंज निघाली की किराणा सामानाची एक पिशवी भरली. बाहेरच्या झडपेवर पक्ष्याचं जुनं घरटं होतं, झडप उघडतच नव्हती. मुलगी तिथेच पलीकडच्या खोलीत झोपते, ते बघून माझे हातपाय गार पडले. असोसिएशनला कळवून माणूस बोलावला, पत्र्याचा पाइप बसवला. आज टॉवेल 50 मिनिटांत खडखडीत वाळले, एकाच सायकलमध्ये! म्हणजे ड्रायर घ्यायचाच नाहीये. तुमचे आभार कसे मानू कळत नाही.

तीन रिपेअरवाल्यांना फोन केला. दोघांनी आपणहून स्पीड क्वीनचं नाव घेतलं, तिसरा म्हणाला साधं व्हर्लपूल घ्या, बोर्डवालं काही घेऊ नका. ड्रायरचे पैसे वाचले त्यामुळे टीसी फाइव्हच घेतोय, डीलरचा स्वतःचा माणूस बसवायला येणार आहे गुरुवारी. गोधडी लाँड्रोमॅटला नेईन.

---

प्रेषक: एडिसनहून
रविवार, रात्री

फार बरं वाटलं वाचून. गुरुवारी माणूस आला की दोन गोष्टी त्याच्याकडून करून घे. भिंतीतून येणाऱ्या पाण्याच्या नळ्या जुन्या रबरी असतील तर त्या बदल, स्टीलच्या विणीच्या लाव, आणि लाँड्री वर आहे म्हणून मशीनखाली गळलेलं पाणी झेलणारा पॅन आहे का आणि त्याच्या भोकाला पाइप जोडलाय का बघ. आम्ही 2009 मध्ये पुण्याला गेलो असताना रबरी नळी फुटली, शेजाऱ्यांना कळेपर्यंत खालच्या खोलीचं छत खाली आलं होतं. भारतात निघताना मशीनचे दोन्ही नळ बंद करायचे, पासपोर्ट घेतला का विचारतो तसंच हे पण विचारायचं.

---

प्रेषक: ईस्ट विंडसरहून
शुक्रवार, सकाळी

मशीन बसलं. नळ्या बदलल्या. पॅन होता पण भोकाला पाइपच नव्हता, तो त्याच माणसाने जोडून दिला. जुना वॉशर तोच घेऊन गेला. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं, तर तिने बटणं बघून विचारलं, "तीनच आहेत ना? मग जमेल मला."