रियाजाच्या खोलीसाठी शोषक साहित्य

सांगलीतील आपल्या १२ बाय १० फुटांच्या, १० फूट उंच रियाजाच्या खोलीत आवाज घुमतो म्हणून थर्माकोल लावावे का, असे आपण विचारले आहे. कृपया लावू नये. थर्माकोलमधील पोकळ्या बंद असल्याने हवा आत शिरत नाही, आणि ध्वनीची ऊर्जा तर तंतूंमधून हवा हलताना होणाऱ्या घर्षणानेच उष्णतेत बदलते. म्हणून कापडात मढवलेले ग्लासवूल किंवा रॉकवूल (काचेच्या किंवा खडकाच्या तंतूंचा लोकरीसारखा थर) योग्य. आपल्याकडची घोंगडीही चालते, पण पातळ असल्याने ती केवळ वरच्या स्वरांवर काम करते.

जाडीला फार महत्त्व आहे. १००० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी सुमारे ३४ सेंटीमीटर, तर १०० हर्ट्झची जवळपास साडेतीन मीटर असते; म्हणजे स्वर जितका खालचा, तितका शोषक थर भिंतीपासून दूरपर्यंत पोहोचायला हवा. त्यामुळे ५० मिलिमीटरचा थर भिंतीला चिकटवण्याऐवजी मागे तेवढीच पोकळी सोडून बसवल्यास तो खालच्या स्वरांपर्यंत अधिक पोहोचतो. खोलीचे आकारमान अंदाजे ३४ घनमीटर असल्याने, निनादकाल, म्हणजे आवाज थांबल्यावर त्याचा घुमारा विरायला लागणारा वेळ, अर्ध्या सेकंदावर आणण्यासाठी सबाईनच्या सूत्रानुसार (खोलीचे आकारमान व शोषण यांवरून हा काळ काढण्याचे सूत्र) सुमारे ११ चौरस मीटर पूर्ण शोषण (पडलेला सगळा ध्वनी शोषणाऱ्या पृष्ठभागाइतके) पुरते, आणि त्यात सतरंजी, गादी व बसलेली माणसे यांचाही वाटा येतो.

याहून अधिक लावण्याचा मोह मात्र आवरावा, कारण आपल्या मिरजेच्या तानपुऱ्याच्या जवारीतून (तारा टेकतात त्या घोडीच्या घासलेल्या पृष्ठभागातून) उमटणारे वरचे स्वरांशच आधी नाहीसे होतील. शेजाऱ्यांकडे जाणारा आवाज याने थांबणार नाही; त्यासाठी दारा-खिडक्यांच्या फटी बंद कराव्या लागतील.